प्लेटच्या मधोमध

सोनकांबळे मॅडमना कुणी विचारलं, "मॅडम, भूकंप कधी होणार?" की त्या मनगटावरच्या घड्याळात बघायच्या आणि म्हणायच्या, "होतोय की. आत्ताच. कुठं ते विचारा." विचारणारा हसायचा. मॅडम हसायच्या नाहीत, कारण त्या खरंच सांगत असायच्या. समोरच्या पडद्यांवर पृथ्वीच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातली रेघ त्या घटकेला थरथरतच असायची.

नवऱ्याची नोकरी हैदराबादला आली म्हणून मीही आले, आणि पुण्यात बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी मी इथे भूकंपांसाठी लिहायला लागले. समुद्राखाली भूकंप झाला की त्याची जागा आणि ताकद झटपट काढायची, लाट येईल का ते ठरवायचं आणि किनाऱ्यांना सावध करायचं, हे आमच्या केंद्राचं काम. समुद्र हैदराबादपासून इतका लांब की तिथला मासा इथे बर्फात झोपूनच येतो. पण काम चालायचं इथूनच. मॅडम तिथल्या सगळ्यांत जुन्या शास्त्रज्ञ. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि नाव विसरून गाव तेवढं लक्षात ठेवलं. शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी 'पुणेकर' राहिले.

आमच्या हॉलला खिडकी नव्हती. एका भिंतीवर पडदेच पडदे, त्यांच्यासमोर खुर्च्यांच्या दोन रांगा, आणि दाराबाहेर मोबाइल ठेवायचे खण. एसी असा की बाहेर डांबर वितळत असताना मॅडम आत मरून रंगाचा स्वेटर घालून बसलेल्या असायच्या. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे नव्याने आत येणाऱ्याच्या चपलांवरून ओळखायचं. मला सुरुवातीला तिथे गुदमरायला व्हायचं. एकदा तसं बोलून दाखवलं तर मॅडम म्हणाल्या, "होतं तसं. मग जातं." तुमचं कधी गेलं, असं मी विचारलं. त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "माझं कुठं गेलंय?"

पाळी संपली की बाकीचे लोक खांद्याला पिशवी अडकवून दारातूनच 'सब ठीक है' म्हणायचे आणि पसार व्हायचे. मॅडमचं तसं नव्हतं. पुढचा माणूस येऊन शेजारच्या खुर्चीत बसला पाहिजे, शेवटचा भूकंप कुठे झाला ते त्याने स्वतः पडद्यावर बघून सांगितलं पाहिजे, मग मॅडम विचारणार, "घेतलं का?" त्याने "घेतलं" म्हटलं की मगच त्या उठणार. सगळ्या देशांतली माणसं त्या हॉलमध्ये असती तरी त्यांनी हे मराठीतच विचारलं असतं. आमच्यातला प्रत्येक तेलुगू मुलगा आणि मुलगी मराठीतला हा एक शब्द शिकून होती. पुढचा माणूस उशिरा आला, आणि तो नेहमीच उशिरा यायचा, तर मॅडम तशाच बसून राहायच्या. मधे उठायला लागू नये म्हणून त्या पाणीही घोटघोटच प्यायच्या. लोकांना हे पाठ होतं, त्यामुळे लग्न, बारसं, ताप, पाहुणे, काहीही निघालं की त्याची ड्यूटी मॅडमच्या गळ्यात. 'मॅडमला काय, त्या असतातच' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा वीट आला होता. मॅडमना आला होता का, ते कळायला मार्ग नव्हता.

एकदा कुठल्याशा वर्तमानपत्राचा माणूस त्यांची मुलाखत घ्यायला आला. मॅडम मूळच्या नांदेडकडच्या. एवढं कळल्यावर त्याला मथळाच दिसायला लागला: मराठवाड्यातली मुलगी, लातूरकडचा तो मोठा भूकंप, आणि त्या रात्री घेतलेली शपथ. त्याने मोठ्या गंभीर आवाजात विचारलं, "मेडम, उस जलजले के बादइच आपने ये लाइन पकडी होंगी ना?"

"नक्को जी, वैसा कुछ नै था," मॅडम म्हणाल्या. "उससे पहलेइच नौकरी में थी मैं. फिजिक्स में सीट नै मिली. इसमें मिली, फीस माफ थी. बस."

तो बिचारा आणखी दोन वाटांनी फिरून पुन्हा तिथेच आला. शेवटी कंटाळून म्हणाला, "तो आप को भूकंप का डर नै लगता?"

"लगता ना. मैं छुट्टी पे रहूँ और आ गया तो?"

ती मुलाखत काही छापून आली नाही. मॅडमना त्याचं सुखदुःख नव्हतं. मला मात्र ते शेवटचं उत्तर आवडलं नाही, कारण ते त्यांनी विनोद म्हणून दिलेलं नव्हतं.

त्यांचा जीव एकाच प्रकारच्या भूकंपांवर होता. पृथ्वीचं कवच म्हणजे मोठमोठ्या प्लेटा, पुस्तकात ज्यांना भूपट्ट म्हणतात त्या. कुठे दोन प्लेटा समोरासमोर भिडतात, कुठे एकमेकींपासून लांब जातात, आणि कुठे नुसत्या एकमेकींच्या शेजारून, खांद्याला खांदा घासत, विरुद्ध दिशांना सरकतात. भूकंप झाला की जमीन कशी हलली ते दाखवणारं एक काळं-पांढरं चेंडूसारखं चित्र आमच्या पडद्यावर उमटायचं. एक बाजू उचलली गेली असेल तर मधे काळा पट्टा, मांजराच्या डोळ्यासारखा. नुसती सरकली असेल तर संत्र्याच्या चार फाका, दोन काळ्या, दोन पांढऱ्या. डोळा आला की सगळा हॉल ताठ व्हायचा, कारण समुद्राचा तळ उचलला की वरचं पाणी उचलतं आणि लाट येते. चार फाका आल्या की लोक सुटकेचा श्वास सोडून चहा मागवायचे. मॅडम नेमक्या तेव्हा खुर्ची पुढे ओढायच्या.

"भिडणाऱ्यांचे डोंगर होतात, लांब जाणाऱ्यांचे समुद्र," त्या मला म्हणाल्या होत्या. "शेजारून जाणाऱ्यांचं काय होतं, कुणी विचारत नाही. जमीन वाढत नाही, कमी होत नाही. नुसती इकडची तिकडं जाते. म्हणून लोकांना वाटतं, काही झालंच नाही."

मला तेव्हा ते फारसं कळलं नाही. ते कळलं अफझलगंजमध्ये. बुद्धपौर्णिमेला मॅडम हॉलमधल्या सगळ्यांसाठी खीर करून आणायच्या, आणि तिचा गूळ, खोबरं, वेलची अफझलगंजच्याच एका दुकानातून यायची. त्या वर्षी ओझं उचलायला त्यांनी मला नेलं. गल्ली ही एवढीशी, दोन्ही अंगांना मिरच्यांची पोती. इकडून एक हातगाडी आली, तिकडून एक. दोघांनाही वाटलं, जाईल. शेजारून जाता जाता चाकांचे तुंबे, म्हणजे मधले बाहेर आलेले गोळे, एकमेकांत अडकले आणि गल्ली बंद झाली.

"अरे मियाँ, पीछे लो ना."

"किधर लूँ? पीछे रिक्षा खडा है. तुम लो."

दोघंही मागे जाईनात. दोघांच्याही मागची माणसं गाड्यांना पुढेच रेटायला लागली. गाड्या हलल्या नाहीत, पण दांड्या वाकल्या, दोऱ्या ताणल्या गेल्या, एका गाडीवरचं वरचं पोतं कलायला लागलं. मी मॅडमचा हात धरून ओढत होते, कारण आम्ही अगदी बाजूला होतो. मॅडम हलेनात. मग खाडकन आवाज झाला, तुंबे सुटले आणि दोन्ही गाड्या आपापल्या दिशेला अशा सुटल्या की पोती रस्त्यावर, मिरच्या गटारात आणि एका दुकानाची फळी तुटलेली. लोक शिंकत होते, शिव्या देत होते. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "बघितलंस? कुणी वर गेलं का? कुणी खाली गेलं का? दोघांनाही नुसतं पुढं जायचं होतं. अडकले तेवढा वेळ गल्ली गप्प होती की नाही? तेव्हाच भ्यायचं असतं." खीर त्या वर्षी जरा तिखट लागली, असं मी नंतर सगळ्यांना सांगत सुटले. ते खोटं होतं, पण मॅडमनी चालवून घेतलं.

परतताना बसमध्ये त्यांनी मला त्यांची इच्छा सांगितली. आयुष्यभर त्या सरकणाऱ्या प्लेटांवर काम करत आल्या आणि त्यातली एकही जागा त्यांनी डोळ्यांनी बघितलेली नव्हती. आपण प्लेटच्या मधोमध बसलोय, त्या म्हणाल्या. आपली प्लेट जिथे दुसरीच्या शेजारून सरकते त्या जागांपैकी पश्चिमेकडची सरहद्दीपलीकडे, पूर्वेकडची ब्रह्मदेशात, आणि एक अंदमानजवळ समुद्राच्या तळाशी. तिन्हीकडे जायची सोय नाही. उरलं लडाख. तिथे नुब्राच्या खोऱ्यातून एक लांबच लांब भेग गेली आहे. अगदी प्लेटचा काठ म्हणता येणार नाही तिला, पण आपली प्लेट उत्तरेला घुसते त्याच रेट्याने तिथली जमीन शेजारून सरकते. "तिथं एक पाय इकडं आणि एक पाय तिकडं ठेवून उभं राहायचं मला," मॅडम म्हणाल्या. "फोटो-बिटो नको. नुसतं उभं राहायचं." बोलताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला आधी गंमत वाटली आणि मग वाईट वाटलं. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन-तीन वर्षं राहिली होती. त्यांचं घर तारनाक्याला, आणि त्याच्या पुढे, नांदेड सोडलं तर, त्या कुठेही राहायला म्हणून गेलेल्या नव्हत्या.

त्या कशाला धरून बसायच्या हे मी एकदा जवळून बघितलं. भर दुपारी सुमात्राच्या पश्चिमेला मोठा भूकंप झाला. मोठा म्हणजे आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तेवढा आकडा पडद्यावर कधी बघितला नव्हता. नियमाप्रमाणे पहिला इशारा गेला. बेटांवर भोंगे वाजले, लोक टेकड्यांवर चढले. थोड्या वेळाने चेंडूचं चित्र उमटलं. चार फाका. आमच्या रवीने, हा शेजारच्या खुर्चीतला तरुण शास्त्रज्ञ, खुर्चीतच उडी मारली.

"मॅडम, नुसतं सरकलंय. कॅन्सल चेद्दामा?"

"आगु, रवी. समुद्राला विचारू आधी."

'चेद्दामा' म्हणजे करायचं का आणि 'आगु' म्हणजे थांब, हे मला तेलुगू न येताही कळलं. रवीचं म्हणणं काही चूक नव्हतं. मॅडमनाही तेच दिसत होतं, त्यांनाच सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. पण बाजूने सरकताना समुद्रातल्या एखाद्या उतारावरचा चिखल घसरला तरी लाट येऊ शकते, आणि तो चिखल चेंडूत दिसत नाही. म्हणून पाण्यातल्या यंत्रांकडून पाणी हललं की नाही याची बातमी येईपर्यंत थांबायचं. मग आम्ही थांबलो. बेटावरच्या एका अधिकाऱ्याचा फोन पुन्हा पुन्हा येत होता. टेकडीवर म्हातारी माणसं होती, तान्ही मुलं होती, वर पाऊस लागला होता. "मेडम, नीचे जाएँ क्या? आप को क्या लगता है?" मॅडमना काय वाटतं ते मला माहीत होतं. त्यांनी एकदाही ते सांगितलं नाही. दर वेळी त्याच आवाजात म्हणायच्या, "अभी ऊपर बैठो." फोन ठेवला की स्वेटरची बाही दातात धरायच्या. संध्याकाळ होत आली तेव्हा पाण्याची बातमी आली. पाणी हललं होतं, पण किनाऱ्यावरच्या मुलांना कळावं एवढंही नाही. इशारा मागे घेतला गेला. रवीने टाळी वाजवली. मॅडम उठायला गेल्या तर पाय आखडलेले, टेबलाला धरून उभ्या राहिल्या, आणि पुढच्या माणसाला म्हणाल्या, "घेतलं का?"

त्यांना घरी सोडायला मी गेले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आप्पांना बघितलं. आप्पा म्हणजे मॅडमचे वडील. मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं, आई जाऊन वर्षं झाली होती, धाकटा भाऊ पुण्यात. तारनाक्याच्या दोन खोल्यांत हे दोघंच. आप्पा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. वय शहाऐंशी, अंगात पांढरी बनियन, काठीसारखे सरळ, आणि नजर अशी की आपल्या चपलेचा तुटका अंगठाही त्यांना आधी दिसावा. ताटावर ताट झाकून ते त्याच्यासमोर बसले होते. दुपारपासून जेवले नव्हते.

"आप्पा, जेवायचं की नाही?"

"तू आली न्हाईस की," आप्पा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. पाऊस आला म्हणून छत्री उघडली असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मला हा माणूस आवडला, हे सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा. नांदेडकडच्या खेड्यातून येऊन, सगळ्या वस्तीशी भांडून त्यांनी मुलीला शिकवलं होतं. ती पदवी घेऊन आली त्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले होते. गप्पिष्ट होते, कोपरखळ्या मारायचे, मला 'पुण्याच्या सूनबाई' म्हणायचे. पण मुलीशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं त्यांना चालायचं नाही. मॅडमनी ठेवलेली एकही बाई आठवडाभर टिकली नव्हती. लक्ष्मम्मा चिंच फार घालते. दुसरी हळू चालते, बघून झोप येते. एका एजन्सीने शिकलेली नर्स पाठवली, तर आप्पांनी तिच्यासमोर पान्यांची पेटी उघडली आणि विचारलं, "ह्यातला बारा नंबरचा कोणता?" ती दुसऱ्या दिवशी आली नाही. भाऊ फोनवर म्हणायचा, "आप्पांना आणलं असतं गं, पण आमच्याकडे लिफ्ट सारखी बंद असते."

लडाखचं मॅडमनी दोनदा ठरवलं होतं. पहिल्यांदा ऑफिसने रजा नाकारली, दुसऱ्यांदा निघायच्या आदल्या दिवशी आप्पांच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, यांचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण तोवर तिकीट गेलं होतं. मॅडम हे सगळं हसून सांगायच्या. मी मात्र चिडायचे. तुम्ही स्वतःच स्वतःला डांबून घेताय, असं मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डबा उघडून मला ज्वारीची भाकरी दिली.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा मी ठरवलं की आता बास. माझा नवरा तेव्हा परदेशी होता, लेक आजोळी गेली होती. मी म्हटलं, मी आठवडाभर आप्पांकडे राहते. मला चिंच लागत नाही आणि मी भराभर चालते. आप्पांना विचारलं.

"जा की, माय," आप्पा मुलीला म्हणाले. "म्या काय पाळण्यातलं लेकरू हाय? पुण्याच्या सूनबाई हायेत."

मॅडमना ते खरंच वाटेना. त्यांनी त्यांना तीनचार वेगवेगळ्या वेळी विचारलं, जेवताना, पेपर वाचताना. आप्पा दर वेळी 'जा' म्हणाले. मग मात्र मॅडम हुरळल्या. हिमायतनगरला आम्ही जाड बूट घेतले, आणि त्या हॉलमध्ये ते घालून बसायला लागल्या, पायाला सवय व्हावी म्हणून. सलवार-कमीजखाली ते अवजड बूट बघून रवी हसायचा. मॅडमही हसायच्या. मी त्यांना इतकं हसताना आधी बघितलं नव्हतं. रजेच्या आठवड्यातल्या सगळ्या पाळ्या त्यांनी रवीला दिल्या आणि त्याच्याकडून 'घेतलं' म्हणून घेतलं.

निघायचा दिवस उजाडला. दिल्लीचं विमान दुपारचं, आणि दुसऱ्या दिवशी तिथून लेहला. मी माझी बॅग घेऊन सकाळीच पोचले. मॅडम तयार होत्या, बूट घातलेले, पाठीवर सॅक. त्यांनी मला गोळ्या दाखवल्या, गॅस दाखवला, आप्पांच्या भाकरीचा तवा कोणता ते दाखवलं. खाली कॅब येऊन थांबली. आप्पा बाथरूममध्ये होते.

"आप्पा, येते मी."

 मग आप्पांचा आवाज आला, "कडी अटकली, माय."

"काय?"

"कडी अटकली. निघंना."

 मॅडमनी सॅक खाली ठेवली, दाराशी गेल्या आणि ते हलकेच आत ढकलून बघितलं. दार जेमतेम हललं आणि पुन्हा बसलं. मी म्हटलं, वॉचमनला बोलावते, हातोडी आणते, बाजूच्या घरात कुणी सुतार आहे का बघते. मी स्वतःच खांदा लावायला पुढे झाले. मॅडमनी हात आडवा घालून मला मागे केलं. त्यांनी आपला तळवा दारावर सपाट ठेवला आणि मान जराशी कलती करून उभ्या राहिल्या. पडद्यावर नवी रेघ उमटली की त्या तशाच उभ्या राहायच्या. किती वेळ तशा होत्या कोण जाणे. मग त्यांनी पायाने पाट ओढून घेतला आणि दाराला हात तसाच ठेवून त्यावर बसल्या.

खालून कॅबवाल्याचा फोन आला, "मेडम, कित्ता टाइम लगींगा?"

"दहा मिनिटं थांब म्हणावं का?" मी विचारलं.

"जा म्हणावं त्याला."

"अहो, असं काय करताय? दार फोडलं तर दोन मिनिटांचं काम आहे. अजून वेळ आहे."

"जा म्हण, पुणेकर."

मी खाली जाऊन कॅब परत पाठवली आणि वर आले. मॅडम दाराशी बोलत होत्या.

"तिथं एक ओढा आहे, आप्पा. डोंगरातून सरळ खाली येतो. वाटेत ती भेग आडवी. भेगेच्या इकडची जमीन एकीकडं चालली, तिकडची दुसरीकडं. लई सावकाश. नखं वाढतात त्याच्यापेक्षाही सावकाश."

मॅडम पाटावर जरा पुढे सरकल्या.

"मग ओढ्याचा खालचा तुकडा बाजूला सरकलेला. पण पाण्याला तर खाली जायचंच असतं. ते भेगेपाशी येतं आणि वळतं. तिच्या कडेकडेनं चालत जातं, आपला तुकडा सापडेपर्यंत. सापडला की परत सरळ खाली. वरून फोटो काढला तर ओढा असा गुडघ्यात वाकल्यासारखा दिसतो. मी फोटोच बघितलाय."

बराच वेळ गेला. मग आप्पांनी विचारलं, "आन् सापडला न्हाई तर?"

"मग नवी वाट करतो. जुनी कोरडी पडते."

"आन् त्यो वरचा डोंगर? त्यो बगत ऱ्हातो?"

"डोंगरबी सरकतोच की, आप्पा. सगळंच सरकतं."

 मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला तिथून हलता येत नव्हतं. त्या दोन खोल्यांत हवा म्हणून राहिली नव्हती. हॉलमध्ये कधी झालं नव्हतं इतकं कोंडल्यासारखं मला त्या क्षणी झालं. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या, मेट्रो जात होती, आणि आम्ही तिघं एका बंद दाराच्या आजूबाजूला अडकून होतो. शेवटी मॅडमनीच शांतपणे सांगितलं, "आता निघून उपयोग नाही, आप्पा. विमान मिळायचं नाही."

दार उघडलं. आप्पा घामाने निथळत होते. बनियन अंगाला चिकटली होती.

"अटकली होती," ते म्हणाले.

"हाव. अटकली होती." मॅडमनी त्यांना टॉवेल दिला, हाताला धरून पलंगावर बसवलं, पंखा लावला. आप्पांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलंच नाही.

"माय, आज ड्यूटी न्हाई?"

"रजा आहे माझी."

"मंग पिठलं कर की."

मला संताप आला. आप्पांचा आला आणि त्याच्यापेक्षा मॅडमचा जास्त आला. मी माझी बॅग उचलली. मॅडम मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. पुढच्याच महिन्यात आम्ही पुण्याला परत गेलो. आम्ही अजून फोनवर बोलतो, सणावाराला, इकडचं तिकडचं. त्यांच्या घरी मी गेले ते तेवढंच शेवटचं.

"दार फोडायला हवं होतं," त्या दिवशी जिन्यात मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. "सुतार आला असता. तुम्ही आत्ता विमानतळावर असता."

"फोडायचं काय त्यात," मॅडम म्हणाल्या. "त्या दाराला कडीच नाही."

मी मागे वळून दाराकडे बघितलं.

"मागच्या पावसाळ्यात ते आत पडले, तेव्हा मीच काढून टाकली. बाहेरून उघडता यावं म्हणून."

"मग?"

"दोन्ही हात लावून उभे होते आतून. मी हात ठेवला होता ना, सगळं कळत होतं. हात कापत होते त्यांचे. मधे मधे सुटायचे. परत लावायचे." त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. "एक बोट लावलं असतं तरी उघडलं असतं, पुणेकर."

आतून आप्पांनी हाक मारली. मॅडम वळल्या आणि आत गेल्या. घराचं दार उघडंच होतं, त्यामुळे मला त्या दिसत राहिल्या. त्यांनी फळीवरून बेसनाचा डबा काढला, कढई ठेवली, आणि कांदा चिरायला घेतला. बूट पायातच होते.